कारखाना चालू ठेवून मालकानं दम कसा घ्यायचा

कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात नाहीतर उद्यमनगरात सोमवारी एक चक्कर मारा. सुट्टीचा वार, मशिनं बंद, कामगार आपापल्या गावाला. तरी कितीतरी शेडांची शटरं कमरेएवढी वर असतात आणि आत मालक बसलेला असतो. कोटेशन करत, जुनी बिलं चाळत, नाहीतर नुसताच. घरी गेलं तरी डोक्यात हेच चालतं, मग इथंच बरं, असं त्याचं म्हणणं.

माझं काम हिशेबाचं. मशीनशॉपवाले, फौंड्रीवाले, हुपरीचे चांदीवाले, गूळव्यापारी माझ्याकडं कागद घेऊन येतात आणि कागदांबरोबर चेहरेही घेऊन येतात. त्यांना कुणी 'तब्येतीकडं बघा' म्हटलं की ते हसतात. आता हा योगासनं सांगणार, असं त्यांना वाटतं. योगासनांचं मला वावडं नाही. पण चार महिने अडकलेलं बिल, दिवसभर वाजणारा फोन आणि न सांगता दांडी मारणारा फोरमन हे सगळं जागच्या जागी ठेवून पहाटे प्राणायाम केला, तर साडेनऊपर्यंत त्याचा असर उतरतो. मालकाच्या थकव्याचं मूळ बहुतेक वेळा धंद्याच्या मांडणीत असतं. म्हणून आधी मांडणी, मग शरीर, मग मन. फक्त एक काम या सगळ्याच्या आधी करायचं.

आधी रक्त तपासा

सतत दमायला होतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, हे सगळं धंद्याच्या ताणानंच होतं असं धरून बसू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, साखर आणि रक्तदाब यांतलं काहीही बिघडलं तरी माणूस असाच होतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्यावर, किंवा रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्यावर येत असेल, तर पुढचा लेख नंतर वाचा आणि डॉक्टरांकडं जा. घोरणं फार असेल आणि आठ तास झोपूनही दुपारी खुर्चीत डुलक्या येत असतील तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास घरातल्यांना माहीत असतो, झोपणाऱ्याला नसतो.

रिपोर्ट चांगले आले, तरी थकवा आहे. मग तीन गोष्टी बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या यादीत जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामावरचा ताण दीर्घकाळ न आवरल्यानं येणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत, त्या मी आपल्याकडच्या भाषेत सांगतो. अंगातली ताकदच संपल्यासारखी वाटते, सुट्टी घेऊनही भरून येत नाही. ज्या कामाचा नाद होता त्याच कामाचा वैताग येतो. चांगल्या पार्टीचा फोन आला तरी 'आता काय' असं तोंडून निघतं. आणि हात चालेनासा होतो, अर्ध्या तासाचं कोटेशन तीन दिवस टेबलावर पडून राहतं. पहिली खूण एकटी असेल तर ती नुसती दमणूक असू शकते. तिन्ही एकत्र असतील आणि महिनोन् महिने असतील, तर मांडणी बदलायची वेळ झाली.

आठवडाभर वही ठेवा

मोबाइलचं अॅप नको. खिशात मावणारी वही आणि पेन. जो कुणी तुम्हाला थांबवून काही विचारेल, त्याची एक ओळ. असं पान कसं दिसतं ते बघा:

९.१० – वेल्डिंग रॉड संपले, आणू का?
९.२५ – टेम्पो गेटवर, चलन कुठं आहे?
९.४० – पुण्याची पार्टी, माल कधी?
१०.०५ – बोअर मापापेक्षा जरा मोठं झालं, जॉब टाकू की ठेवू?
१०.१५ – पुन्हा पुण्याची पार्टी.
१०.३० – एका पोराला ३,००० उचल पाहिजे.
१०.५० – बँकेचा फोन, स्टॉक स्टेटमेंट.

आठवडा झाला की प्रत्येक ओळीपुढं खूण करा: हे मलाच ठरवायला हवं होतं का? वरच्या पानावर बोअरचा प्रश्न खरा आहे, आणि तोही फोरमनला मोजमापाची हद्द लिहून दिली असती तर आला नसता. बाकीच्यांत मालकाचं काम शोधून सापडत नाही. माणूस थकतो तो एका मोठ्या निर्णयानं नाही. दर दहा मिनिटांनी डोकं एका कामातून उपटून दुसऱ्यात रोवावं लागतं, त्यानं.

मग एकेक ओळ दुसऱ्याच्या नावावर करा

सगळं एकदम सोपवू नका, चार दिवसांत परत घ्याल. एक ओळ, एक माणूस, एक महिना.

खरेदीपासून सुरुवात सोपी. ऑइल, रॉड, इन्सर्ट, कॉटन वेस्ट अशा नेहमीच्या मालाची किमान पातळी कागदावर लिहून स्टोअरच्या दारावर चिकटवा. त्याखाली गेलं की विचारायचं नाही, मागवायचं. रक्कम ठरवून द्या. ५,००० पर्यंत फोरमननं ठरवावं, संध्याकाळी बिल दाखवावं. तो कधीतरी चार पैसे जास्त देऊन येईल. येऊ दे. त्यावरून चारचौघांत बोललात, तर दुसऱ्या दिवसापासून तो पन्नास रुपयांच्या नटालाही फोन करील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

चलन आणि ई-वे बिल ऑफिसातल्या माणसाकडं. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर काढता येतो, त्यामुळं तुमचा पासवर्ड वाटत बसायची गरज नाही. उचलीचा एक वार ठरवा. शनिवारी म्हणजे शनिवारी, दवाखान्याचं काम सोडून. पार्टीला मालाची तारीख रोज सकाळी एकाच माणसानं व्हॉट्सअॅपवर कळवायची; तिनं विचारायच्या आधी तिला कळलं, की सकाळचे फोन बऱ्यापैकी गळतात.

आता अवघड भाग. कोल्हापुरातले निम्मे कारखाने बापलेकांचे नाहीतर भावाभावांचे, असं मला माझ्या फायली बघून वाटतं. तिथं मालक एक नसतो. पोरगं कोटेशन देतं, आबा फोनवर दर उतरवतात. पोरगं कामगाराला ताकीद देतं, आबा त्याला चहा पाजतात. दोघंही संध्याकाळी दमलेले आणि दोघंही एकमेकांवर. अशा घरात 'मला मोकळीक द्या' म्हणून भांडून काही होत नाही. मागायचंच तर नेमकं मागा. एका क्लाएंटच्या पोरानं वडिलांना माझ्यासमोरच म्हटलं, "आबा, दिवाळीपर्यंत खरेदी माझ्याकडं राहू दे. दर महिन्याच्या शेवटी हिशेब तुमच्यापुढं ठेवतो, चुकलं तर परत घ्या." आबांनी लगेच हो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी स्टोअरची किल्ली टेबलावर ठेवून ते पेपर वाचत बसले.

आणि घरातली बाई हिशेब बघत असेल, तर तिचं नाव पगारपत्रकावर घ्या आणि तिचीही सुट्टी ठरवा. कितीतरी ठिकाणी वहिनी कारखान्याची बिलं करतात, पार्ट्यांचे फोन घेतात, वर स्वयंपाक आणि पोरांचा अभ्यास. या विषयावर बोलताना सगळे मालकाच्याच थकव्याबद्दल बोलतात.

उधारी: निम्मा रक्तदाब इथं आहे

या भागावर मी जास्त वेळ घालवणार, कारण झोप उडवणारं कारण म्हणून मला सगळ्यांत जास्त वेळा हेच ऐकू येतं. माल गेला, बिल गेलं, पैसा नाही. पगाराची तारीख आली. सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, तळाला. पार्टीला फोन करायचा तर ती तुटेल ही धास्ती.

हातात काय आहे ते आधी समजून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे. पार्टीशी लेखी करार असेल तर पैसे द्यायची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस. करारात ९० लिहिलं तरी ४५ च. लेखी काही नसेल तर १५ दिवस. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात नियम आला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या फोनला जरा वजन येतं. त्याचा उपयोग करा.

याला दोन अटी. उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल पाठवायच्या आधीची हवी. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. कुणी त्याचे हजार-दोन हजार सांगत असेल तर दुसरा माणूस बघा. आणि हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. लक्ष्मीपुरीतल्या, शाहूपुरीतल्या नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते, पण थकबाकीच्या या तरतुदी त्याला लागू होत नाहीत. त्यानं उधारीची मर्यादा स्वतःच आखायची: एका गिऱ्हाइकाला इतके, त्यापुढं रोख.

कायदा आहे म्हणून उद्या नोटीस पाठवा, असं मी सांगत नाही. क्रम असा ठेवा. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापून घ्या. नुसत्या त्या एका ओळीनं पार्टीच्या अकाउंट्समध्ये तुमचं बिल वेगळ्या गठ्ठ्यात जाऊ शकतं. मुदत संपायच्या आठ दिवस आधी आठवण, तीही ऑफिसातल्या माणसानं करायची. मालकानं मालाबद्दल बोलावं, पैशाबद्दल दुसऱ्यानं. दोन्ही एकाच तोंडानं बोललं की तुम्ही प्रत्येक वेळी माघार घेता. वसुलीचा एकच वार ठरवा, समजा बुधवार सकाळ. बाकीच्या दिवशी तो विचार आला तर वहीत लिहून ठेवा, बुधवारी बघू. मुदत उलटून महिना झाला तर लेखी पत्र. त्यानंतरही नाही, तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथून तक्रार राज्याच्या परिषदेकडं जाते. तोवर त्या पार्टीशी संबंध राहिलेले नसतात, हे धरूनच तिथं जायचं.

एकाच पार्टीकडून निम्म्याहून जास्त धंदा येत असेल, तर वरचं सगळं करूनही झोप लागणार नाही. तिथं उपाय दुसरी पार्टी शोधणं हाच, आणि त्याला वर्ष लागतं. पण शोधायला सुरुवात केल्यावरच माणूस जरा सैल होतो, हे मी पाहिलंय.

तारखांचा तक्ता भिंतीवर

७ तारीख टीडीएस, ११ जीएसटीआर-१, १५ पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आगाऊ कर. या तारखा वर्षानुवर्षं त्याच येतात, तरी दर महिन्याला १९ तारखेच्या रात्री अकराला मला बिलांचे फोटो येतात. महिना संपल्यावर ५ तारखेच्या आत कागद पोचवा, एवढंच करा. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर जीएसटीची विवरणपत्रं तिमाही भरायची सोय आहे; कर मात्र महिन्याला भरायचा. तुमच्या पार्ट्यांना ते चालतं का, हे सल्लागाराला विचारून ठरवा.

आणि स्वतःला पगार घ्या. ठरलेला, ठरलेल्या तारखेला, घरच्या खात्यावर. गल्ल्यातून लागेल तसं उचलणाऱ्याला धंदा कमावतोय की बुडतोय हेच कळत नाही, आणि न कळण्याची धास्ती तोट्याच्या धास्तीपेक्षा वाईट.

पाण्याची धास्ती जून उजाडायच्या आत मोडा

२०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांच्यातले काही जण जुलैत पाऊस लागला की रात्री उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे तोंडपाठ. नदीचं आपल्या हातात नाही. मे महिन्यात मात्र एक पूर्ण दिवस काढून पॉलिसी वाचा: पूर त्यात स्पष्ट लिहिलाय का, मालाची किंमत आजची आहे की तीन वर्षांपूर्वीची. मशीन आणि स्टॉकचे तारखेसह फोटो, बिलांच्या प्रती मोबाइलबाहेर दुसरीकडं. किती फुटांना काय उचलायचं आणि टेम्पो कुणाचा, हे लिहून फोरमनकडं. मग बघायची ती पातळी दिवसातून दोनदा बघा.

शरीराचं थोडक्यात

झोप सात तास. रात्रपाळीची हीट, म्हणजे भट्टीत धातू वितळवायची फेरी, असेल तर आलटून पालटून थांबा, आणि जागलेल्या रात्रीनंतर सकाळच्या मीटिंगला हजेरी लावायचा पराक्रम करू नका. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. चारनंतर पार्टी आली तर तिला चहा द्या, तुम्ही ताक घ्या. भट्टीजवळ उभं राहणाऱ्यानं तहान लागायची वाट बघत पाणी थांबवू नये. तांबडा-पांढरा सोडा असं कोल्हापुरात कोण सांगणार? पण रात्री अकराला नको. दिवस संपवायला म्हणून दोन पेग आणि डोकं चालू ठेवायला म्हणून तंबाखूचा मावा, ही जोडी झोप आणि तोंड दोन्ही खाते.

रंकाळ्यावर नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला चालायला जाता ते उत्तम, पण कानाला फोन लावून वसुली करत चालणारेही मी रोज बघतो. ते चालणं नव्हे, ते फिरतं ऑफिस. अर्धा तास फोन गाडीत ठेवा.

सोमवार परत मिळवा

फौंड्रीवाल्याला हे जास्त पटेल. भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, किती हीटनंतर उतरवायचं, याची नोंद तो ठेवतो. ऑर्डर कितीही तातडीची असली तरी 'अजून चार हीट काढू' म्हणत नाही, कारण पातळ धातू कॉइलपर्यंत पोचला तर काय होतं ते त्याला ठाऊक असतं. मालकाची सुट्टी त्याच वहीत, त्याच शिस्तीनं लिहायची.

पहिले दोन-तीन सोमवार जड जातात. दुपारी बाराला हात आपोआप किल्लीकडं जातो. म्हणून त्या वेळेला काहीतरी ठरवून ठेवा, ज्यात दुसरा माणूस वाट बघत असेल: पोराला पोहायला नेणं, गावाकडच्या रानात फेरी, तालमीतल्या जुन्या दोस्तांबरोबर जेवण. एकट्यानं 'आराम' करायचा ठरवलात तर अडीचला शेडवर असाल. कारखान्याचा फोन त्या दिवशी फोरमनकडं, आणि तुम्हाला कधी फोन करायचा याची तीनच कारणं त्याला सांगा: आग, अपघात, पोलीस.

वर्षातला एक सलग आठवडाही काढा. गुऱ्हाळवाल्यानं तो हंगाम संपल्यावर, गणपती-दिवाळीच्या गिऱ्हाइकीवर जगणाऱ्यानं त्यानंतर. त्या आठवड्यात काय काय अडलं याची यादी आल्यावर बघा. पुढच्या वर्षी काय सोपवायचं, ते त्यातच मिळतं.

कुणाशी बोलायचं

मालकाला कामगारांसमोर रडता येत नाही, बँकेसमोर हसावं लागतं आणि घरी सगळं ठीक आहे म्हणावं लागतं. गोशिमा, स्मॅक, इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकांना जाणाऱ्यांना ओळखी मिळतात, पण मनातलं तिथं निघत नाही. त्यातले तीन-चार जण निवडा, धंद्यात आडवे न येणारे, आणि महिन्यातून एकदा रात्री गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर भेटा. एकच नियम: प्रत्येकानं एक अडचण सांगायची, आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. दुसरा भाग पाळणं आपल्याकडं महाकठीण.

हप्ता थकायला लागला असेल तर बँकेत लवकर जा. पहिले ३० दिवस, मग ६०, मग ९० अशा पायऱ्या असतात, आणि ९० दिवसांपुढं खातं एनपीए, म्हणजे वसुली अडकलेलं कर्ज, होतं. पहिल्या पायरीवर गेलेल्या माणसाशी मॅनेजर बोलू शकतो, मुदत वाढवण्याचा प्रस्ताव करू शकतो. फोन बंद ठेवून ८५ व्या दिवशी गेलेल्याशी बोलायला त्याच्याकडं फारसं काही उरत नाही. हे घरीही सांगा, आकड्यासकट. बायकोला कर्जाचा आकडा माहीत नसलेली घरं बघितली की मला त्या आकड्यापेक्षा त्या गुपिताची जास्त भीती वाटते.

दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही, जेवण उतरत नाही, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, असं झालं तर मांडणीच्या उपायांवर थांबू नका. डॉक्टरांना भेटा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही मिळते. 'आपण नसलेलं बरं' असा विचार एकदाही आला तरी त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा आणि हा नंबर लावा. वसुलीच्या बुधवारची वाट बघायची गोष्ट ही नव्हे. औषध सुरू झालं तर लक्षात ठेवा, मन उभारी धरायच्या बऱ्याच गोळ्यांना असर दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी फरक नाही म्हणून, किंवा दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून, आपल्या मनानं बंद करू नका. बंद कधी आणि कशा करायच्या, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.